तारखेपेक्षा तरुण कागद

फाब्रियानो, ६ मे १९५७

एर्सिलिया,

तुझी तार वेळेवर मिळाली, नंतरचं पत्रही मिळालं. उत्तराला दोन महिने लागले. घरात पत्रं लिहायचं काम एलिदेचं होतं. मी खाली सही करायचो, आणि ती म्हणायची, सही तरी सरळ कर, बहिणीला पत्र चाललंय, वसुलीची नोटीस नाही.

९ मार्चला सकाळी ती गेली. त्रास फार झाला नाही. आदल्या दिवशी तिने खिडकी उघडायला लावली आणि नदीचा वास येतोय म्हणाली. दफनाला गिरणीतल्या कागद निवडणाऱ्या सगळ्या बायका आल्या होत्या. जुदित्तामावशी पुढे होती. तुझ्या वेळी ती जशी होती तशीच आहे, फक्त आता चष्मा लावते आणि लावत नाही म्हणून सांगते.

गिरणी चालू आहे. बँकेच्या रोख्यांचा कागद यंत्रावर गेला, पण नोटरींच्या दस्तांचा, उजेडात घंटेचं जलचिन्ह दिसणारा कागद अजून हातानेच निघतो. एप्रिलात, ईस्टरनंतरच्या आठवड्यात, एका साच्याच्या जाळीवरची तारेची घंटा लोलकापाशी सुटली. पाचिफिकोने लगद्यातून साचा काढताना हौदाच्या काठावर आपटला होता. मी तिथे दुहेरी गाठ मारून दिली. हे पत्र त्याच साच्यावरच्या कागदावर आहे. एलिदे नेहमी ठेवायची तसे उत्तरासाठी दोन कोरे ताव सोबत ठेवले आहेत. तुमच्याकडचा कागद शाई पितो असं तू म्हणायचीस. हे पाण्याचा थेंब पडलेले ताव आहेत, घरी न्यायची मुभा असलेले. काळजी करू नकोस.

आता एक विचारायचं आहे. ते लिहिण्यासाठीच हे पत्र आहे.

साचे जोडीने चालतात हे तुला ठाऊक आहे, एक लगद्यात असतो तेव्हा दुसरा रिकामा होत असतो. आमच्या जोडीतली एक घंटा मी जाळीवर शिवायचो, दुसरी एलिदे. डिसेंबरात नवी जोडी शिवली तेव्हा तिची बोटं थरथरायला लागली होती. अकरा टाक्यांपैकी सातवा वाकडा गेला आणि घंटा एका बाजूला झुकली. जानेवारीत तीसेक ताव निघाले आणि साहेबांनी साचा परत पाठवला. बरोबरच होतं. नोटरींच्या कचेरीत नमुन्याचा ताव असतो, त्यावर घंटा बसली नाही तर खरा दस्तही खोटा ठरतो.

मी तिला सांगितलं नाही. गिरणीत थांबून तिचे अकराही टाके कापले आणि स्वतः शिवले. घरी आल्यावर तिने विचारलं, साचा चालला का. मी म्हटलं, चालला.

ती तुला सगळं लिहायची. तिला हे कळलं होतं का? एवढंच हवं आहे. तिचं शेवटचं पत्र तुझ्याकडे असेल तर मला वाचायला पाठव. परत करीन.

ओरेस्तेला आणि मुलींना नमस्कार.

नझारेनो

•

रोसारियो, ९ जून १९५७

भावोजी,

तुमचं एवढं लांब पत्र बघून ओरेस्ते म्हणाला, हे तुझ्या भावोजींचं नाही, नाव दुसऱ्या कुणाचं तरी असेल, नीट बघ. मी त्याला म्हटलं, अक्षर बघ, एकेक अक्षर मोजमापाने काढलंय, दुसरा कोण असणार.

मी मात्र ते स्वयंपाकघरात दार लावून वाचलं.

इथे थंडी सुरू झाली आहे. नऊ वर्षं झाली, पण जूनमध्ये स्वेटर घालताना अजून मला खोटं वाटतं. संत जॉनच्या सणाला तुम्ही रस्त्यावर फुलांचे गालिचे घालणार आणि मी चुलीपाशी हात शेकत बसणार. ताई दर वर्षी त्या गालिच्यातली एक पाकळी पत्रात घालून पाठवायची. वाळून चहापत्तीसारखी झालेली असायची, पण मी हुंगायचे.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर ताईनेच दिलेलं आहे. तिचं शेवटचं पत्र सोबत ठेवते, ते ती गेल्यानंतर मला मिळालं. परत पाठवायची गरज नाही, तुमच्यापाशीच ठेवा. मी ते पुष्कळ वेळा वाचलं आहे.

तुमचे ताव फार सुंदर आहेत, जपून ठेवले आहेत. म्हणून या निळ्या पातळ कागदावर लिहिते आहे.

जेवत जा. मक्याची पोलेंटा करून तीन दिवस तीच खाणारे तुम्ही, मला माहीत आहे.

तुमची एर्सिलिया

(सोबतचं पत्र)

फाब्रियानो, २ मार्च १९५७

लाडके एर्सिलिया, आज बरं वाटतंय म्हणून बसून लिहिते. नझारेनो माझी फार काळजी घेतो. डिसेंबरात मी शेवटची घंटा शिवली आणि ती छान चालली आहे असं तो म्हणतो. त्यानंतर मी साचा पाहिलेला नाही, पण मनाला समाधान आहे. इतकी वर्षं केलेलं काम नीट संपलं, आणखी काय हवं. त्याला एकट्याला टाकून जावं लागलं तर त्याला अधूनमधून लिहीत जा. तो उत्तर देणार नाही, पण वाचील. मुलींना पापे. तुझी एलिदे.

•

फाब्रियानो, ८ जुलै १९५७

एर्सिलिया,

पत्र मिळालं. दोन्ही मिळाली.

तिला कळलं नव्हतं. मी ते वाक्य पहिल्या दिवशी वाचलं आणि मग तीन दिवस पत्र उघडलं नाही, कारण उघडल्यावर ते वाक्य नसेल असं वाटत होतं. ते होतं.

रविवारी स्मशानात गेलो. एरवी जातो आणि उभा राहून परत येतो. या वेळी दगडावर बसलो. तिला गिरणीतल्या गोष्टी सांगितल्या, पाचिफिकोने पुन्हा साचा आपटला तेही. जुदित्तामावशी शेजारच्या कबरीवर फुलं बदलत होती. ती म्हणाली, नझारेनो, बायको जिवंत होती तेव्हा एवढा बोलला असतास तर बिचारी कंटाळून आधीच गेली असती. मला हसू आलं. मार्चपासून पहिल्यांदा.

अंकोनाच्या न्यायालयातून बोलावणं आलं आहे. कुणाच्या तरी मृत्युपत्राचा वाद आहे, घंटेच्या कागदावरचं. सप्टेंबरात जावं लागेल. अशा वेळी पूर्वी एलिदे सोबत असायची. ती दारातूनच कागद बघून सांगायची आणि मी आत जाऊन तेच लांबवून सांगायचो.

पत्र मी पलंगाजवळच्या खणात ठेवलं आहे. रोज वाचतो. तुझे उपकार आहेत.

नझारेनो

•

रोसारियो, ११ ऑगस्ट १९५७

भावोजी,

तुम्हाला हसू आलं हे वाचून मी ओरेस्तेला सांगितलं, तर तो म्हणाला, आता वर्तमानपत्रात येईल. मोठी मुलगी विचारत होती की मावशीचे नवरे उंच आहेत का. मी सांगितलं, आहेत, पण बसल्यासारखे उभे राहतात.

तुम्ही ते पत्र रोज वाचता हे मला बरं वाटलं नाही. राग मानू नका. वाचलंत, मन शांत झालं, आता ते घडी घालून कपाटात तळाशी ठेवा. पत्र फार हाताळलं की झिजतं. आई म्हणायची, जखमेवरची खपली पुन्हा पुन्हा बघू नये. तुम्हाला वाटलं तर मला परतही पाठवा, इथे जपून राहील.

न्यायालयात जाताना काळा कोट घाला. ताईने बाही शिवली होती तोच.

तुमची एर्सिलिया

•

फाब्रियानो, २२ सप्टेंबर १९५७

एर्सिलिया,

मंगळवारी अंकोनाला जाऊन आलो. काळाच कोट घातला.

मृत्युपत्र एका म्हाताऱ्याचं होतं, खाली तारीख मे १९४८ची. पुतण्याने ते पुढे आणलं होतं. त्यात घर पुतण्याला होतं आणि ज्या भाचीने त्या म्हाताऱ्याला शेवटची सहा वर्षं सांभाळलं तिचं नावही नव्हतं. अक्षर आणि सही बघणाऱ्यांचं एकमत होईना. न्यायाधीशांनी कागद माझ्या हातात दिला. मी खिडकीपाशी गेलो आणि उजेडात धरला. घंटेला अकरा टाके होते. १९५२पर्यंत आम्ही नऊ टाके घालायचो. अकरा करायचं एलिदेने ठरवलं, कारण नऊंवर घंटेची कड उचलली जायची. १९५३च्या जानेवारीपासून अकरा आहेत. गिरणीच्या नोंदवहीत ते आहे.

पुतण्याचा वकील हुशार होता. त्याने विचारलं, "म्हणजे कागदालाही वाढदिवस असतो म्हणता?" लोक हसले.

मी म्हटलं, "असतो, साहेब. तारखेपेक्षा कागद म्हातारा असू शकतो. तरुण असू शकत नाही."

न्यायाधीशांनी विचारलं, हे टाके कुणाचे ते खात्रीने सांगता येईल का. मी म्हटलं, माझ्या बायकोचे, ती गाठ उजवीकडून मारायची, मी डावीकडून मारतो. ते म्हणाले, मग पुढच्या तारखेला त्यांनाच घेऊन या. मी म्हटलं, त्यांना येता येणार नाही. त्यांनी माझ्या कोटाच्या बाहीवरच्या सुतकाच्या काळ्या पट्टीकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. भाची बाहेर भेटली, माझा हात धरून रडत राहिली. मला तिथून निघायचं होतं.

परतीच्या गाडीत मी तिकीटही उजेडात धरून बघत होतो. असं काम करून आलं की डोळ्याला दोन दिवस तीच सवय राहते. घरी आलो, दिवस होता अजून. खणातून एलिदेचं पत्र काढलं आणि वाचण्याआधी खिडकीकडे धरलं. तीन महिन्यांत हे मी केलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही कागदाला केलं असतं.

लोलकापाशी दुहेरी गाठ आहे. ती मी ईस्टरनंतर मारली. पत्रावर २ मार्च आहे.

मी तुला दोन कोरे ताव पाठवले होते. तू मला निळ्या कागदावर लिहितेस.

रागावलेलो नाही. खरं सांगतो. दोन दिवस काहीच वाटलं नाही, मग वाटलं की ती पुन्हा गेली. पण तू वाईट हेतूने काही करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. अक्षर तर इतकं तिचं आहे की मी अजून बघतो.

तिचं खरं पत्र असेल तर पाठव. नसेल तर नाही असं लिही. त्यात काय आहे याची आता भीती नाही. आहे, पण तरी पाठव.

नझारेनो

•

रोसारियो, २० ऑक्टोबर १९५७

भावोजी,

तुमचं पत्र येऊन दहा दिवस झाले. रोज लिहायला बसले आणि उठले.

अक्षर तिचंच येणार. नन्सच्या शाळेत आम्हा दोघींना एकाच सिस्टरने छडी मारून वळण लावलं होतं. लहानपणी मी तिच्या नावाने आईला चिठ्ठ्या लिहायचे आणि मार तिला बसायचा. तारखेचा विचार केला, शाईचा केला, तिच्यासारखा शेवटच्या ओळीचा उतार केला. कागदाचा केला नाही. दोन वर्षं गिरणीत ताव निवडले मी, आणि तुमचाच ताव तुम्हाला परत पाठवला. जुदित्तामावशीला सांगू नका. ती हसून मरेल आणि दोष माझ्यावर येईल.

पण मी हे का केलं ते ऐका. तिनेच सांगितलं होतं. नुसतं माझ्या तोंडून सांगून तुम्हाला पटलं नसतं. तुम्ही माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणारे नाही, कागदावर ठेवणारे. म्हणून कागद केला.

खरं पत्र सोबत आहे. ते पाठवताना मी तिचा शब्द मोडते आहे. रात्री तिची माफी मागितली. तिने दिली की नाही माहीत नाही.

एक सांगते. वाचण्याआधी उजेडात धरा.

तुमची एर्सिलिया

(सोबतचं पत्र)

फाब्रियानो, १८ फेब्रुवारी १९५७

एर्सिलिया,

हा ताव उजेडात बघ. ही माझी शेवटची घंटा आहे. सातवा टाका दारू पिऊन चर्चला निघाल्यासारखा झालाय. असे तीसच ताव निघाले. ते लगद्यात जायचे होते, जुदित्ताने पाच-सहा माझ्यासाठी एप्रनखाली लपवून आणले. नंतर तिनेच चालू कामातला, माझ्याच साच्यावरचा एक ताव आणला, तो मी बघितला. अकरा गाठी, सगळ्या डावीकडून. नझारेनोने माझे टाके उसवले आहेत.

त्याने बरोबरच केलं. ती घंटा मीसुद्धा ठेवली नसती.

मी त्याला विचारलं होतं, साचा चालला का. चालला म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलला, आणि किती वाईट बोलला. मान वर न करता, सूप ढवळत. सूप उकळलेलंही नव्हतं. मला त्या क्षणी म्हणायचं होतं, अरे, मला माहीत आहे, ये, इथे बस, माझे हात बघ कसे झालेत. पण तो इतका घाबरलेला होता की मीच गप्प बसले. डॉक्टरांनी त्याला काय सांगितलं तेही मला माहीत आहे, आणि तेही तो बोलत नाही. आता तो मला सांभाळतो, मी त्याला सांभाळते, आणि दिवसभर आम्ही सुपाबद्दल बोलतो.

एर्सिलिया, तो समोर बसलेला असतो आणि मला त्याची आठवण येते.

पुढे कधी त्याने विचारलं तर सांग की मला कळलं नव्हतं. तो विचारीलच. तुला लिहायला त्याला दोन-तीन महिने लागतील, पण विचारील.

एलिदे

•

फाब्रियानो, २४ नोव्हेंबर १९५७

एर्सिलिया,

तू सांगितलंस तसंच केलं. आधी उजेडात धरलं.

अकरा टाके आहेत. सातवा ती म्हणते तसा आहे. सगळ्या गाठी उजवीकडून. जानेवारीत मी ते कापले तेव्हा पाहिले नव्हते, साहेबांनी परत पाठवलेलं काम म्हणून पाहिले होते. कापलेल्या तारांचे तुकडेसुद्धा मी झाडून टाकले. मला वाटत होतं तिच्या हातचं शेवटचं काम जगात कुठेच राहिलेलं नाही आणि ते मी संपवलं. ते समुद्रापलीकडे तुझ्या कपाटात होतं.

मग वाचलं. त्याबद्दल जास्त लिहिता येणार नाही. ते सूप मला आठवतं. बार्लीचं होतं.

एक गोष्ट केली ती सांगतो. गिरणीत एक जुना साचा पडून होता. तिचं पत्र काचेवर लावलं आणि ते बघून त्या साच्यावर घंटा शिवली, तिच्या जागांवर, उजवीकडून गाठ मारून, सातवा वाकडा. दोन रविवार लागले. पाचिफिकोने एक ताव काढून दिला. पत्र आणि ताव एकावर एक धरले तर केसाचाही फरक नव्हता. जुदित्तामावशीकडे नेला आणि काही न बोलता हातात दिला. तिने चष्मा लावला. पुष्कळ वेळ बघत होती.

मग म्हणाली, "चांगला आहे. पण हा तुझा आहे, नझारेनो. तिचा हात थरथरायचा. तू थरथरवला आहेस."

मी परत जाऊन टाके कापले. या वेळी तुकडेही ठेवले नाहीत आणि वाईटही वाटलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीसमोर बसलो आणि सांगितलं, एलिदे, साचा चालला नाही. मी उसवला. मोठ्याने सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नंतर जिन्यात विचारलं, कोणी पाहुणे आले होते का. मी हो म्हटलं.

तिचं पत्र मी ठेवून घेतो. मागणार नाहीस माहीत आहे. खिडकीच्या काचेला लावलं आहे, मजकूर बाहेरच्या बाजूला. सकाळी साडेसात ते नऊ घंटा दिसते. हिवाळ्यात ऊन तेवढंच येतं.

आता तुझ्या पत्राबद्दल. २ मार्चचं. ते फेकलेलं नाही. ते तीन महिने मी रोज वाचलं, आणि त्या तीन महिन्यांत मी जेवलो आणि झोपलो. माझ्यासाठी एवढी मेहनत दुसऱ्या कुणी घेतलेली नाही. पण ते आहे तसं घरात ठेवता येत नाही. माझं आयुष्य असे कागद पकडण्यात गेलं.

म्हणून ते या पाकिटात परत पाठवतो आहे. वरची तारीख खोड आणि ज्या दिवशी खरंच लिहिलंस ती घाल. खालचं नाव खोड आणि तुझं घाल. मजकुरातलं काही बदलू नकोस. मग मला परत पाठव.

उत्तरासाठी दोन कोरे ताव ठेवले आहेत. आता जोडीतल्या दोन्ही घंटा माझ्याच आहेत.

नझारेनो